मदत हवी आहे: इंजिनियरिंगची पदवी नेमकी कशासाठी घ्यावी?

अनघा
भाचीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे. गणित आणि भौतिकशास्त्र दोन्ही मनापासून आवडतात. तिचा प्रश्न असा: प्रोग्रॅमिंग घरबसल्या शिकता येतं, भौतिकशास्त्राचीही पदवी आहेच, मग इंजिनियरिंग का? नोकरी-पगाराचं उत्तर तिला पटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं, इथे असं काय शिकायला मिळतं जे एरवी मिळत नाही?

सुहास
अनघाताई, इंजिनियरिंग सतत 'किती?' विचारायला लावतं. किती भार, किती जाडी, किती चूक चालेल, आणि चुकलं तर आधी काय तुटेल. हे तिला आवडेल का, ते घरीच तपासता येईल.

३० सेंमीची प्लॅस्टिकची पट्टी टेबलाच्या कडेला क्लॅम्पने घट्ट आवळा, १० सेंमी बाहेर ठेवा. टोकाला ५० ग्रॅम वजन टांगा आणि टोक किती मिलिमीटर खाली आलं ते मोजा. मग पट्टी २० सेंमी बाहेर काढून तेच वजन. लांबी दुप्पट झाली तरी झुकणं आठपटीच्या आसपास जायला हवं, कारण ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. शेवटी पट्टी कडेवर उभी आवळा. आता झुकलेलं डोळ्यांना दिसणारही नाही. तुळई रुंदीपेक्षा उंचीला जास्त का ठेवतात, ते इथे हाताला कळतं.

बहुधा बरोबर आठपट येणार नाही, आणि खरा अभ्यास तिथूनच सुरू होतो. क्लॅम्प सैल असेल तर पट्टी बुडाशीच फिरते. १० सेंमीला झुकणं जेमतेम एक-दोन मिलिमीटर, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकही मोठी ठरते. पट्टी स्वतःच्या वजनानेही वाकते, म्हणून वजन टांगण्याआधीचं माप घ्यायलाच हवं. शिवाय प्लॅस्टिक भाराखाली हळूहळू आणखी वाकत राहतं. दोन्ही वेळा वजन टांगल्यावर दहा सेकंदांनीच मोजा. मापातल्या चुकांचा हा माग काढताना ती रमली, तर निःशंक जाऊ द्या.

मुक्ता
सुहास यांच्याशी सहमत. विद्यापीठच का, त्याबद्दल थोडं.

१७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेत कॅन्सस सिटीमधल्या एका हॉटेलातले टांगते पादचारी पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात छताला टांगलेल्या सलग सळया वरच्या पुलातून खालच्या पुलापर्यंत जात होत्या. बांधणी सोपी व्हावी म्हणून सळयांचे दोन भाग केले आणि खालचा पूल वरच्या पुलालाच टांगला. त्यामुळे वरच्या पुलाच्या तुळईखालच्या नटावर दुप्पट भार आला. मूळ जोडही नियमांच्या मानाने कमकुवतच होता. बदललेल्या जोडाचं गणित नीट तपासलंच गेलं नाही.

हे गणित पहिल्या वर्षाच्या स्थितिशास्त्रात, म्हणजे स्थिर वस्तूंवरच्या बळांच्या अभ्यासात, बसतं. जोडाचं सुटं चित्र काढायचं, त्यावरची बळं बाणांनी दाखवायची आणि बेरीज करायची. सूत्र पुस्तकातही सापडतं. पण प्रत्येक बदलानंतर हे चित्र पुन्हा काढायची सवय अंगी बाणायला आपली आकडेमोड तपासणारं कुणीतरी लागतं, आणि नमुना तुटेपर्यंत ताणणारं यंत्रही. घरी एकट्याने शिकताना नेमकं हेच मिळत नाही. माणसांचा जीव ज्यावर अवलंबून आहे असं काम कुणीतरी जबाबदारीने शिकायलाच हवं, आणि माझ्या मते हेच इंजिनियरिंग निवडण्याचं सर्वांत भक्कम कारण आहे.

अनघा
दोघांचेही आभार. शाखा आत्ताच ठरवावी लागेल का? आणि तिची चित्रकला यथातथाच आहे.

सुहास
चित्रकलेची काळजी नको. तांत्रिक आरेखन मोजमापाचं काम आहे, सरावाने जमतं. कलनाचा (कॅल्क्युलसचा) पाया मात्र कच्चा नको. शाखा ठरत नसेल तर पहिलं वर्ष सर्वांना समान असलेला अभ्यासक्रम बघा. प्रवेशाआधी दोन गोष्टी विचारा: आठवड्याला प्रयोगशाळेचे तास किती, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात वस्तू बनवून तिची चाचणी घ्यावी लागते की फक्त अहवाल चालतो. नुसत्या अहवालावर भागत असेल, तर दुसरीकडे बघा.