कब कॅडेट १०४ मिळतोय, बंद पडलेला आहे. घ्यावा का?

मिरजेची_डेटनमध्ये:

नमस्कार मंडळी. गेल्या वर्षी आम्ही ओहायोतल्या डेटनच्या बाहेर, शहरापासून जरा लांब घर घेतलं. जागा दीड एकर, मागे थोडा उतार, कडेला जुनी सफरचंदाची झाडं. गवत कापायला आतापर्यंत माणूस बोलावत होतो. आता पलीकडच्या रस्त्यावरच्या एक आजी त्यांच्या यजमानांचा कब कॅडेट १०४, म्हणजे बागेत गवत कापायचा जुना छोटा ट्रॅक्टर, विकायला काढतायत. यजमान गेल्यापासून तो बार्नमध्ये उभाच आहे. पिवळा-पांढरा रंग, सोबत गवत कापायचा ४२ इंची डेक आणि बर्फ लोटायचं पातं. ४५० डॉलर म्हणतात. चालू होत नाही. किल्ली फिरवली की नुसता 'टक' आवाज येतो.

नवऱ्याचं म्हणणं, दुकानातून नवीन घ्यावा, वॉरंटी असते. माझं मन मात्र त्या जुन्यावर बसलंय. आमच्या मळ्यात विहिरीवर किर्लोस्करचं डिझेल इंजिन होतं. आजोबा ते खोलून बसले की पाने हातात द्यायचं काम माझं. त्यामुळे तेलाने हात काळे व्हायची सवय आहे, पण पेट्रोलच्या इंजिनातलं मला काही कळत नाही. घेण्याआधी काय बघावं? पार्ट मिळतात का? आणि हे यंत्र खरंच दर आठवड्याला वापरता येईल, की नुसतं शोभेचं होईल?

फोर्टवेनकर:

ताई, इंजिन जाम नसेल तर घ्या. १०४ बार्नमध्ये कोरडा उभा होता, ही चांगलीच गोष्ट आहे. उघड्यावर पावसात उभा असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

हे मॉडेल १९६७ ते १९६९ मधलं. इंटरनॅशनल हार्वेस्टर या कंपनीच्या लुइव्हिलच्या कारखान्यात बनलेलं, म्हणजे तुमच्या घरापासून गाडीने तीन तासांच्या आतच. कब कॅडेटची सुरुवात १९६१ च्या मॉडेलपासून झाली. फार्मॉल कब हा त्यांचा छोटा शेतीचा ट्रॅक्टर होता, त्याच्या गिअरबॉक्सचा वारसा या बागेच्या ट्रॅक्टरात आला. तुमच्या १०४ मध्ये पुढे कोलर कंपनीचं के २४१ इंजिन आहे, एक सिलिंडर, १० एचपी, अख्खा ब्लॉक बिडाचा. चाकांकडे ताकद जाते ती मधल्या शाफ्टमधून आणि क्लचमधून, पट्ट्यावरून नाही. मला या यंत्राचं सगळ्यात जास्त कौतुक याचंच आहे. यातली प्रत्येक गोष्ट माणसाने खोलावी, बघावी आणि परत लावावी अशा हिशेबाने केलेली आहे. सिलिंडर घासला तर १०, २०, ३० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) असा रिबोअर करून, म्हणजे भोक मोठं करून, मोठा दट्ट्या टाकता येतो. आजच्या स्वस्त मॉवरमध्ये मागचं हायड्रोचं (तेलाच्या दाबावर चाकं फिरवणारं) युनिट गेलं की बहुतेक वेळा सगळंच फेकावं लागतं.

आता बघायला जाल तेव्हा प्लगचा पाना आणि टॉर्च घेऊन जा. प्लग काढा, गिअर न्यूट्रलला आहे याची खात्री करा, आणि इंजिनाच्या पुढची पुली हाताने फिरवा. फिरली तर अर्धी लढाई जिंकलात. नाहीच फिरली तर जोर लावू नका. प्लगच्या भोकातून गंज सोडवायचं तेल टाकून काही दिवस ठेवायला आजींना विनंती करा, आणि तोवर भाव ठरवू नका. मग डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर कार्बोरेटरची सुई गळतेय.

'टक' आवाजाला घाबरू नका. बॅटरी मेलेली असणार किंवा वायरींची टोकं गंजलेली. या ट्रॅक्टरात सेल्फ आणि डायनॅमो एकाच यंत्रात आहेत, पट्ट्यावर चालणारं. तेच यंत्र इंजिन फिरवतं आणि इंजिन चालू झालं की बॅटरी चार्ज करतं. खराब झालं तरी ब्रश आणि बेअरिंग बदलून परत उभं राहतं. कोणी कॉम्प्रेशनचं गेज लावून 'इंजिन गेलंय' म्हणालं तर लगेच विश्वास ठेवू नका. कोलरने यात एक व्यवस्था दिली आहे, सेल्फ मारताना एग्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचललेला राहतो म्हणजे इंजिन हलकं फिरतं. त्यामुळे गेजवर आकडा कमीच येतो.

घरी आणलात की चालू करायच्या आधी एक काम नक्की करा, इंजिनावरचा पत्रा काढा. सिलिंडरच्या पात्यांमध्ये उंदराचं घरटं हमखास सापडतं. कापूस, गवत, अक्रोडाची टरफलं. हे इंजिन हवेवर थंड होतं, त्या पात्यांतून हवा गेली नाही तर उन्हाळ्यात अर्ध्या तासात तापून बसेल. पुष्कळ चांगली कोलर इंजिनं फक्त एवढ्या कारणाने गेलेली मी पाहिली आहेत.

मग पॉइंट. सिलिंडरच्या बाजूला एक छोटी पत्र्याची डबी दिसेल, तिच्या आत पॉइंट आहेत, म्हणजे उघडझाप करून प्लगला ठिणगी देणारी धातूची दोन तोंडं. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या यंत्रात पॉइंटच्या तोंडावर एक पांढुरकी साय चढते, डोळ्यांना दिसेल न दिसेल इतकी, आणि तेवढ्याने करंट अडतो. बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोन तोंडांमधून एकदा ओढा, मग साधा कोरा कागद घालून ओढा. कागदावर काळी रेघ उमटते ती गेली की झालं. गॅप २० थाऊ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, पॉइंट पूर्ण उघडे असताना फिलर गेजने लावायची. अचूक लावायचं असेल तर फ्लायव्हीलवरची 'एस' खूण बघायच्या भोकात आली की पॉइंट नुकतेच उघडायला लागले पाहिजेत. राजदूत किंवा जुन्या बजाजवर हात बसलेला कोणी घरात असेल तर त्याला हे पटकन समजेल. किल्ली चालू करून पॉइंट स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच उघडले की तिथे छोटी ठिणगी उडते. ती दिसली की पहिल्यांदा जो आनंद होतो तो शब्दात सांगता येत नाही. त्यासाठीच हा छंद आहे असं मला मनापासून वाटतं.

ऑइल एसएई ३० उन्हाळ्यात, आणि प्रत्येक वेळी चालू करण्याआधी सपाट जागेवर उभा करून पातळी बघायची. यात ऑइल पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालचा चमचा ऑइल उडवतो त्यावरच सगळं चालतं, आणि रॉड ॲल्युमिनियमचा आहे, आत बेअरिंगचे शेल नाहीत. ऑइल कमी पडलं तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पडतं. आठवड्याचं काम असेल तर हेच एक काम विसरू नका.

पेट्रोल शक्य असेल तर इथेनॉल नसलेलं. साध्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते कार्बोरेटरमध्ये महिनोन्महिने राहिलं की चिकट थर बसतो. हिवाळ्याआधी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा.

एक कळकळीचं सांगणं. आणल्या आणल्या रंगाच्या मागे लागू नका. पूर्ण खोलून, घासून, चकाचक रंगवायचा मोह होतो, आणि मग सुटे भाग डब्यांत पडून ट्रॅक्टर वर्षानुवर्षं तसाच राहतो. पहिलं वर्ष त्याला आहे तसा कामाला लावा. कुठे गळतंय, क्लच दाबल्यावर कुठून किरकिर येते, स्टिअरिंगमध्ये किती ढिलाई आहे, हे वापरल्याशिवाय कळत नाही. क्लचच्या शाफ्टवरच्या पिनांची भोकं झिजून अंडाकृती झालेली असतात, गिअर टाकताना 'खट्' असा धक्का बसतो तो त्याचाच. हे दुरुस्त करायला गॅरेजभर पसारा होतो, पण एकदा केलं की पुढची कित्येक वर्षं बघायला नको.

आमच्या फोर्ट वेनमध्ये इंटरनॅशनलचा ट्रकचा मोठा कारखाना होता, १९८३ मध्ये बंद झाला. तिथे काम केलेली काही वडीलधारी मंडळी अजून भेटतात. त्यांच्या गॅरेजमध्ये कॉफी पीत बसून मी जे शिकलो ते कुठल्याही पुस्तकात नाही. तुम्हीही आजींना विचारा, यजमानांचं मॅन्युअल किंवा वही असेल तर ती नक्की मागून घ्या. कुठला पार्ट कधी बदलला हे ही माणसं लिहून ठेवायची. पार्टांची काळजी नको, कोलरच्या के मालिकेचे पॉइंट, कंडेन्सर, कार्बोरेटरची किट, दट्टे सगळं मिळतं. जुने भाग प्रत्यक्ष हाताळून घ्यायचे असतील तर ऑगस्टच्या अखेरीस इंडियानातल्या पोर्टलंडला जत्रा भरते, 'जे' नावाच्या काउंटीच्या मैदानावर. जुनी इंजिनं आणि बागेचे ट्रॅक्टर बघावे तितके थोडे. मुलांनाही घेऊन जा.

माझा १२४ आहे, तुमच्याच पिढीचा, १२ एचपी. एप्रिलमध्ये त्याला मागे १० इंची नांगर लावून भाजीचा तुकडा नांगरतो. पहिल्या गिअरमध्ये, इंजिन दमदार आवाज करत, काळी माती उलटत जाते. वांगी, मेथी, गवार त्यातच होते. शोभेची वस्तू नक्कीच नाही ही.

विस्कॉन्सिनवाला:

वर लिहिलेलं सगळं बरोबर, पण माझं मत जरा वेगळं. मुख्य काम सुंदर हिरवळ कापण्याचं असेल तर सिम्प्लिसिटी कंपनीच्या ट्रॅक्टरांकडेही बघा. त्यांच्या डेकला मागे अख्ख्या रुंदीचे रूळ असतात, जमीन उंचसखल असली तरी कापणी एकसारखी येते, पट्टे पडतात. सिम्प्लिसिटी आणि बोलेन्स या दोन्ही कंपन्या आमच्या पोर्ट वॉशिंग्टनची, म्हणून माझा जीव तिकडे ओढतो हे खरं. पण कापलेल्या गवताकडे बघून सांगतोय. ओढाओढीचं आणि नांगराचं काम असेल तर कब कॅडेट, त्यात वाद नाही. आणि ४५० मध्ये डेक आणि बर्फाचं पातं दोन्ही येत असेल तर भाव वाजवी आहे.

दोन_मुलांची_आई:

ताई, तुम्ही उताराचा उल्लेख केलात म्हणून लिहिते. या काळातल्या ट्रॅक्टरांना सीटखाली स्विच नसतो. नवीन मॉवरवरून माणूस उठला की पातं बंद होतं, यात तुम्ही खाली पडलात तरी पातं फिरत राहतं. आमच्याकडे व्हील हॉर्स कंपनीचा जुना ट्रॅक्टर आहे. त्यावर आम्ही इलेक्ट्रिशियनकडून सीटचा स्विच बसवून घेतला, इग्निशनला जोडून. साधं काम आहे, पहिल्याच दिवशी करून घ्या. उतारावर आडवं चालवायचं नाही, वर-खाली चालवायचं. मुलाला मांडीवर बसवून फेरी मारायची हौस इथे खूप जणांना असते, ती मुळीच करू नका. मागच्या चाकांना बिडाची वजनं लावली तर पकड वाढते, पण उलटायचा धोका जात नाही. एवढं सांभाळलं तर खूप आनंद देणारी वस्तू आहे. माझी लेक आता ग्रीस गन स्वतः चालवते, पुढच्या एक्सलच्या निप्पलपासून सुरुवात करते.

मिरजेची_डेटनमध्ये:

सगळ्यांचे मनापासून आभार. घेतला! आजींनी यजमानांच्या अक्षरातली वही दिली, ऑइल आणि प्लग बदलल्याच्या नोंदी आहेत. पुली हाताने फिरली. पत्रा काढला तर फोर्टवेनकर म्हणाले तसं घरटं निघालं, बादलीभर. नवी बॅटरी टाकली, अर्थची वायर घासली, पॉइंट साफ केले आणि ठिणगी दिसली. टाकी खाली काढून धुतली, काचेच्या वाटीत गंजाचा गाळ होता तोही काढला. काल संध्याकाळी चालू झाला. नवरा खिडकीतून बघत होता, तो धावत बाहेर आला आणि आता त्यालाच चालवायचाय. सीटच्या स्विचसाठी इलेक्ट्रिशियनला बोलावलंय, तो येईपर्यंत पात्याला हात लावणार नाही.

एक अडचण आहे. मागच्या गिअरबॉक्सचं ऑइल बघितलं तर ते दुधाळ आहे, कॉफीत दूध घातल्यासारखं. हे किती गंभीर?

फोर्टवेनकर:

अभिनंदन! वाचून फार बरं वाटलं.

दुधाळ म्हणजे पाणी गेलंय. गिअरच्या दांड्याच्या बुडाशी जो रबरी बूट असतो तो तडकलेला असणार, बहुतेक पाणी तिथूनच उतरतं. बार्नमध्ये ठेवण्याआधी कधीतरी पावसात उभा राहिला असेल. घाबरायचं कारण नाही, गिअर आवाज करत नसतील तर ते ठीकच आहेत. पण असाच चालवत राहू नका, बेअरिंग गंजतात.

आधी बूट बदला, नाहीतर नवीन ऑइलचंही दूध होईल. मग थोडा चालवून ऑइल कोमट करा, मागचं कव्हर काढा आणि सगळं बाहेर येऊ द्या. तळाशी करडा गाळ असेल तो चिंधीने पुसून घ्या. त्यात लोखंडाचे चमचमते कण बोटाला लागले तर फोटो टाका. बारीक चूर्ण चालेल, तुकडे नकोत. कव्हरचं पॅकिंग नवीनच लावा. ऑइल हाय-ट्रान नावाचं घ्या, केस आयएच या ट्रॅक्टर कंपनीच्या डीलरकडे मिळतं. ९० नंबरचं गिअर ऑइल कोणी सुचवलं तरी घालू नका. हाय-ट्रान उरलेलं थोडं पाणी सामावून घेतं, म्हणून पहिली भरणी दोन-तीन वेळा गवत कापेपर्यंत चालवा, मग तीही काढून टाका आणि दुसरी भरा. दुसरी भरणी स्वच्छ राहिली की काम झालं.