पोळ्याचे मातीचे बैल लहान मुलीकडून कसे करून घ्यावेत?

ठाणेकर_आई
माझं माहेर येवल्याचं. आमच्याकडे पोळ्याला मातीची बैलजोडी पुजतात. यंदा ती जोडी लेकीने स्वतःच्या हाताने करावी असं फार मनात आहे. ती साडेचार वर्षांची आहे. भट्टी, ओव्हन नको, नुसती हवेवर वाळणारी माती हवी. पाकिटातली एअर ड्राय क्ले आणली होती, पण वाळता वाळता पाय निखळले आणि पोटाला तडे गेले. त्यात इथली पावसाळी हवा. काय वापरू?

बालवाडीताई_चिपळूण
शाडू घ्या. गणपतीच्या आधी सहज मिळते, आणि मुलांच्या हाताला तिच्यासारखी दुसरी माती नाही. मळताना भिजवलेल्या वर्तमानपत्राचा लगदा थोडा घाला. मूर्तिकार कापूस घालतात तो याचसाठी, तंतू माती धरून ठेवतात आणि तडे कमी जातात.

मुख्य म्हणजे अख्खा बैल एकाच गोळ्यातून काढायचा. गोळा वांग्यासारखा लांबट करून तिच्या हातात द्या. खालून चार ठिकाणी चिमटीने माती ओढली की पाय, पुढून ओढली की मान, पाठीवर चिमटा काढला की वशिंड. या वयात चिमटीने ओढणं छान जमतं, बारीक वळ्या जोडणं जमत नाही. पाय आखूड आणि जाडच राहू देत. झुलीसाठी लेसचा तुकडा पाठीवर दाबून उचलायचा. नक्षी उमटलेली बघून मुलं इतकी हरखतात की पुन्हा पुन्हा दाबत बसतात. बसू द्या.

शिंगांची काडी ओल्या मातीत तशीच सोडू नका. वाळताना माती आकसते, काडी आकसत नाही, मग नेमकं तिथेच डोकं तडकतं. काडीने भोक पाडायचं, जरा फिरवून मोठं करायचं आणि काडी काढून घ्यायची. बैल पूर्ण वाळला की फेव्हिकॉल लावून शिंगं बसवायची.

आणि पाण्याची वाटी जवळ ठेवू नका, मुलं चिखल करतात. ओला स्पंज पुरतो.

ठाणेकर_आई
ताई, किती छान सांगितलंत! वाळवायचं कसं? पंख्याखाली ठेवू?

बालवाडीताई_चिपळूण
लगेच नको. पाय आधी वाळतात, पोट ओलं राहतं, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. पहिला दिवस सुती फडकं झाकून चाळणीवर ठेवा, म्हणजे खालूनही हवा लागेल. नंतर पंखा चालेल. गालाला लावून बघा, गार लागला तर आत अजून ओल आहे. पावसाळ्यात चार-पाच दिवस धरूनच चला. बारीक तडा गेलाच तर शाडूच्या रबडीत फेव्हिकॉल कालवून भरा.

कोथरूडची_मावशी
शाडू नाही मिळाली तर दोन वाट्या खायचा सोडा, एक वाटी कॉर्नफ्लोअर, सव्वा वाटी पाणी मंद आचेवर ढवळत राहायचं. गोळा जमला की उतरवायचं आणि ओल्या फडक्याखाली गार करायचं. पांढरीशुभ्र होते. उभ्या बैलापेक्षा चपट्या वस्तूंना बरी. लाटून वाटीने कापायचं, स्ट्रॉने भोक पाडायचं, दोरा ओवून दाराला लावायचं.

ठाणेकर_आई
आणि मीठ-मैद्याची?

बालवाडीताई_चिपळूण
पावसाळ्यात नकोच. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, वाळलेली वस्तू पुन्हा मऊ पडते. शिवाय लहान मूल तोंडात घालतं, आणि एवढं मीठ पोटात जाणं धोक्याचं आहे.

रंग पूर्ण वाळल्यावरच. शाडूवर गेरू फार देखणा दिसतो, शिंगांना हळद चालेल. असा बैल पोळ्यानंतर बादलीत विरघळवता येतो. वरचं पाणी ओतून द्या, खालची माती फडक्यावर पसरून आटवा, की गणपतीच्या उंदराला तीच वापरता येईल. अ‍ॅक्रिलिक लावलं असेल तर मात्र ती माती परत मळू नका.