मदत हवी आहे: सिएना एडब्ल्यूडीचा हलका कॅम्पर करायचाय, वजन आणि वायरिंगवर अडलंय

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची टोयोटा सिएना एलई एडब्ल्यूडी (चारही चाकांना इंजिनचा जोर), ३.५ लिटर व्ही६. मुक्काम डेन्व्हर. माणसं दोन, एका वेळी तीन-चार रात्री, मे ते ऑक्टोबर. रस्ते बोरियास पास, केबलर पास या कोलोरॅडोतल्या घाटांच्या जातीचे, म्हणजे कच्चे पण राखलेले. आईबाबा पुण्याहून आले की सातही सीट परत बसवायच्या असतात, त्यामुळे जे करायचं ते दोन तासांत निघायला हवं आणि पत्र्याला भोक पडता कामा नये.

मनात आहे ते असं: पाऊण इंची प्लायचा पेटीपलंग, ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, २०० एएच (अँपिअर-तास) लिथियम बॅटरी, डिझेल हीटर, २ इंच लिफ्ट (गाडीची उंची वाढवणं). दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर माणसं आणि सामान मिळून कमाल ११२० पौंड लिहिलंय. रनफ्लॅट टायर (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे) संपत आलेत आणि गाडीत स्टेपनी नाही. सुरुवात कुठून करू?

तेलपाणी

टायरपासून. आणि स्टिकर आधी वाचलात हे फार बरं केलंत, बरेच जण पलंग झाल्यावर वाचतात.

या गाडीत मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट स्टेपनीची जागा खातो, म्हणून कंपनीने रनफ्लॅट दिले. त्यांची बाजू कडक असते. खडीवर गाडी आपटत जाते, आणि डोंगरात फाटलेला रनफ्लॅट गावातल्या दुकानात मिळेलच असं नाही. मूळ माप २३५/५५ आर१८ आहे. त्याऐवजी साधे ऑल-टेरेन २३५/६० आर१८ घ्या. व्यास २८.२ वरून २९.१ इंच होतो, गाडी जेमतेम १२ मिमी उचलली जाते, आणि स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा खरा वेग ६२ असेल. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नको. बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, आतल्या प्लॅस्टिकला किंवा स्ट्रटच्या स्प्रिंगबशीला टायर घासत नाही ना ते हात घालून बघा. चारही एकाच मापाचे, एकाच वेळी घेतलेले हवेत. घेर वेगळा असला की मागच्या चाकांना जोर जोडणारी इलेक्ट्रॉनिक कपलिंग सतत घसरत राहते आणि तापते.

पाचवं चाक त्याच मापाचं घ्या. रिमसकट ५५ पौंडांच्या आसपास जाईल. पुढच्या सीटच्या लगेच मागे, पलंगाखाली आडवं ठेवा. वजन दोन आसांच्या मध्ये राहतं. हिचवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या आकड्यावर) टांगलं तर तेच वजन मागच्या आसाच्याही मागे जातं, मागची बाजू बसते आणि उतरत्या खडकावर हिच आधी टेकतो.

लिफ्ट माझ्या मते सोडूनच द्या. २ इंचांनी सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या सांध्याचा) कोन वाढतो, रबरी बूट लवकर फाटतात आणि अलाइनमेंट आटोक्यात ठेवणं अवघड होतं. तुमची खरी उंची वजनाने जाते. मागच्या कॉइल स्प्रिंगच्या आत बसणाऱ्या हवेच्या पिशव्या घ्या. रिकाम्या गाडीत ५ पीएसआय, सामान भरलं की गाडी पुन्हा सपाट दिसेपर्यंत हवा. त्या फक्त बसलेली मागची बाजू उचलतात, ११२० चा आकडा वाढवत नाहीत.

वजन वाढवायच्या आधी ट्रान्सफर केस आणि मागच्या डिफरेन्शियलचं तेल बदलून घ्या. कच्च्या रस्त्यावर वापर असेल तर प्रॉपेलर शाफ्टचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासायचे असतात, हे काम हमखास राहून जातं.

पाऊलवाट

टायरचं ठरलं. पलंगाचं काय? आणि सीट काढताना एअरबॅगची भीती वाटते.

सुतारपक्षी

तुमच्या पिढीतल्या गाडीत (२०११ ते २०२०) मधल्या सीट खटका ओढून निघतात. २०२१ नंतरच्या हायब्रिडमध्ये मधल्या सीटमध्येच साइड एअरबॅग आहे, त्या काढू नयेत. हा धागा वाचणाऱ्या नव्या गाडीवाल्यांनी एवढं लक्षात ठेवावं. मागची बाक बोल्टने बसवलेली आहे. ती पूर्ण काढलीत तर खालचा खोल खड्डा मोकळा होतो. पाण्याचे कॅन त्यातच ठेवा.

पाऊण इंची प्लाय नको. ४×८ फुटांचा पाऊण इंची ताव ७० पौंडांच्या घरात जातो, अर्धा इंची ४५ च्या. खाली दर १६ इंचांवर आडवा आधार दिला की अर्धा इंची दोन माणसं सहज पेलतो. सांगाडा ॲल्युमिनियमच्या खाचांच्या प्रोफाइलचा करा. चाकांच्या कमानींमधली रुंदी ४८ इंच आहे, म्हणजे ताव रुंदीत कापावा लागत नाही. लांबी ७२ इंच ठेवा आणि पुढच्या सीट पुढे सरकवा. तळापासून १२ इंच उंची पुरे: खाली आडवं चाक बसतं आणि ३ इंची गादीवर ताठ नाही तरी बसता येतं.

सांगाडा फ्लोअरला अडकवायला सीटच्या मूळ बोल्टची भोकं आणि कारखान्याच्या कड्या वापरा. काढलेला बोल्ट दुकानात नेऊन आट्यांचं माप जुळवून घ्या. नवं भोक पाडूच नका, खाली इंधनाची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि शाफ्ट आहे. खांबांवर आणि छताच्या कडेला पडद्यासाठी स्क्रूही नको, तिथे कर्टन एअरबॅग असते. मोकळा ठेवलेला पलंग म्हणजे ब्रेक मारल्यावर मानेवर येणारी फळी, इथे आळस करू नका.

खडीवर प्रोफाइलच्या खाचेत बसणारे टी-नट सैल होतात. प्रत्येकाला निळा थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावा आणि पहिल्या ३०० मैलांनंतर सगळे पुन्हा आवळा. धातूला धातू लागतो तिथे फेल्टची पट्टी चिकटवा, नाहीतर किरकिर थांबणार नाही.

तारयंत्र

बॅटरी २०० नको, १०० एएच एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) घ्या: १२८० वॉट-तास, वजन २५ पौंडांच्या आसपास. ४५ लिटरचा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ३० ते ४५ एएच खातो. २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या बॅटरीवरून ही बॅटरी भरणारा) लावलात तर दोन तास गाडी चालवून ४० एएच परत मिळतात. रोज थोडी तरी गाडी हलणार असेल तर सोलर लागत नाही.

वायर ६ एडब्ल्यूजी (जाडीचं अमेरिकन माप, आकडा लहान तितकी वायर जाड). बॉनेटपासून मागपर्यंत एकेरी ५ मीटर होतात. ८ एडब्ल्यूजीमध्ये जवळपास अर्धा व्होल्ट वाटेतच जातो आणि चार्जर मधेच बंद पडतो. दोन्ही बॅटऱ्यांच्या जवळ, ७ इंचांच्या आत, ४० अँपिअरचा फ्यूज. वायरला दोन्ही टोकांनी करंट मिळतो, म्हणून एक फ्यूज पुरत नाही. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) मूळ हार्नेसच्या (वायरींच्या जुडग्याच्या) रबरी बुचाशेजारून आत घ्या, पुढे दाराच्या उंबऱ्याच्या प्लॅस्टिकखालून न्या.

फ्रिज सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालवू नका. तिथली पकड सैल असते, टोक तापतं, व्होल्टेज पडतं आणि बॅटरी भरलेली असून फ्रिज बंद होतो. १० एडब्ल्यूजी वायर आणि अँडरसन कनेक्टर (घट्ट बसणारा प्लग) लावा. फ्रिजच्या कॉम्प्रेसरच्या बाजूला २ इंच मोकळी जागा सोडा.

शून्य अंशाखाली एलएफपी चार्ज होत नाही, बॅटरीतला बीएमएस (तिची राखण करणारं सर्किट) चार्जिंग तोडतो. ऑक्टोबरातल्या पहाटे गाडी सुरू करूनही चार्जिंग दिसलं नाही तर घाबरू नका, केबिन तापू द्या.

डिझेल हीटर तुमच्या मोसमासाठी जड पडतो. शिवाय ३००० मीटरवर हवा विरळ, पंप उंचीनुसार जुळवला नाही तर काजळी धरते. १२ व्होल्टची गरम चादर पुरते. आत ज्वलनाचं काहीही असो वा नसो, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

चूलबोळकी

दोन गोष्टी राहिल्या. दोन माणसांच्या श्वासाने रात्रभरात काचा आतून वाहतात. समोरासमोरच्या दोन काचा बोटभर उघड्या ठेवा, बाहेरून रेन गार्ड, आतून डासांची जाळी, एका जाळीवर १२ व्होल्टचा १२० मिमी पंखा बाहेर हवा फेकणारा. छत कापायची गरज नाही.

आणि कुकर न्याच, २ लिटरचा. ३००० मीटरवर पाणी ९० अंशांनाच उकळतं, डाळ तासभर उकळूनही कच्ची राहते. साध्या ब्यूटेनचा डबा थंडीत गॅस सोडत नाही, आयसोब्यूटेनचा घ्या. स्वयंपाक बाहेरच.

पाऊलवाट

मनापासून आभार. नवा हिशेब: माणसं ३००, पलंग-गादी ९०, भरलेला फ्रिज ६०, बॅटरी-वायरिंग ४०, ७ गॅलन पाणी ६०, चाक ५५, स्वयंपाक-कपडे-खुर्च्या १२०, हत्यारं-कॉम्प्रेसर ४०. एकूण ७६५. बरोबर वाटतंय?

तेलपाणी

बरोबर दिशेने आहे. काढलेल्या सीटचं वजनही सुटतं, पण ते जमेला धरू नका. पहिल्या सहलीआधी पाणी, पेट्रोल, दोघं माणसं धरून ट्रक स्टॉपच्या काट्यावर जा. पावतीवर पुढचा आणि मागचा आस वेगळा येतो. एकूण वजन बसूनही मागच्या आसाची मर्यादा ओलांडलेली असू शकते. तसं दिसलं तर पाणी खड्ड्यातून काढून पुढच्या सीटमागे घ्या.

खडीवर टायरची हवा २६ ते २८ पीएसआय करा, डांबरावर येण्याआधी परत ३५. वाळूत ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर ते इंजिनचा जोर कापतं. एडब्ल्यूडीचा इशारा लागला तर थांबून कपलिंग गार होऊ द्या. युटातल्या कॅनियनलँड्समधल्या व्हाइट रिमसारख्या रस्त्यांना लो-रेंज (कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरची) फोर-व्हील-ड्राइव्हच लागते, एडब्ल्यूडीला तिथे परवानगी नाही. इमोजीन पासही तुमच्या यादीत नको. आणि १ सप्टेंबर ते ३१ मे आय-७० महामार्गावर डॉटसेरो ते मॉरिसन ट्रॅक्शन (टायरच्या पकडीचा) कायदा असतो, एडब्ल्यूडी असली तरी टायरची नक्षी किमान ३/१६ इंच हवी. मोजायची पट्टी गाडीतच ठेवा.