मदत हवी आहे: ऑगस्टिनच्या मते रोमला प्रजासत्ताक म्हणायचं की नाही?

नमस्कार मंडळी. चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टिन याच्या ‘सिटी ऑफ गॉड’ या ग्रंथाच्या १९व्या भागात अडकलोय.

२१व्या प्रकरणात तो रोमन राजकारणी-विचारवंत सिसेरोची व्याख्या घेतो: प्रजासत्ताक म्हणजे जनतेची गोष्ट, आणि न्यायाबद्दलचं एकमत आणि समान हित यांनी बांधलेला समुदाय म्हणजे जनता. न्याय म्हणजे ज्याचं त्याला देणं. मग विचारतो, माणसालाच खऱ्या देवापासून तोडून दुष्टात्म्यांच्या (त्याच्या लेखी रोमन देवांच्या) हवाली करणारा हा कुठला न्याय? म्हणजे रोममध्ये न्याय नाही, म्हणून जनता नाही, म्हणून प्रजासत्ताकही कधी नव्हतंच. (ऑगस्टिन जुना वक्तृत्वाचा शिक्षक, लगेच कळतं!)

पण २४व्या प्रकरणात व्याख्याच बदलते. आपल्याला प्रिय काय याबाबत एकमत असलेला विवेकी माणसांचा समुदाय म्हणजे जनता. यात रोम बसतं, अथेन्स बसतं, बाबिलोनसुद्धा.

मग चौथ्या भागातल्या त्या प्रसिद्ध वाक्याचं काय, की न्याय वगळला तर राज्यं म्हणजे दरोडेखोरांच्या मोठ्या टोळ्याच? नवी व्याख्या ही माघार आहे, की पतित, म्हणजे पापाने बिघडलेल्या जगातल्या राज्याकडून एवढीच अपेक्षा ठेवायची? मला दुसरं पटतं, पण मग ख्रिस्ती नसलेल्या न्यायाधीशाच्या प्रामाणिक निवाड्याला ऑगस्टिन काय म्हणेल?

सेमिनरीत (पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात) किंवा तत्त्वज्ञान विभागात हे शिकलेलं कुणी आहे का इथे?