ज्यूसच्या पाकिटावर '१००% फळांचा रस' लिहिलेलं चालतं का?

रेवाची_आई: मुलीसाठी ज्यूस आणला, पुढे मोठ्या अक्षरात '१००% फळांचा रस' आणि मागे बघते तर बारीक अक्षरात पाणी नि कॉन्सन्ट्रेट (पाणी काढून घट्ट केलेला रस), असं लिहायला परवानगी असते का हो? खूप राग आलाय

साधा_ग्राहक: नाही ताई. कॉन्सन्ट्रेटमध्ये पाणी घालून केलेल्या ज्यूसवरून हा दावा काढा असं एफएसएसएआयने (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) जून २०२४ मध्येच सांगितलंय. शिवाय किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली तर 'स्वीटन्ड ज्यूस' लिहावंच लागतं.

किरण७: 'हेल्थ ड्रिंक'चंही तेच, २००६च्या अन्नसुरक्षा कायद्यात त्याची व्याख्याच नाहीये.

रेवाची_आई: तक्रार कुठे करू?

साधा_ग्राहक: फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर. लेबलचा फोटो, बॅच नंबर, १४ आकडी लायसन्स नंबर टाका आणि पाकीट अजिबात फेकू नका.