क्रोमोसोम तपासून 'मुलगा की मुलगी' हे ठरतं का?

कोथरूडची आई:
माझं लेकरू एकोणीस वर्षांचं, इंजिनिअरिंगला आहे. आम्ही मुलगा म्हणून वाढवलं. दिवाळीपासून घरात "मी येते", "मी जेवले" असं बोलतंय, आपण मुलगी आहोत म्हणतंय. जाऊबाई म्हणतात, क्रोमोसोम तपासून घ्या, एकदाचा सोक्षमोक्ष लागेल. लॅबची वेळही घेतली आहे. एक्स-वाय आलं तर विषय संपतो का?

लॅबवाला, पुणे:
ताई, हेच रिपोर्ट रोज माझ्या हातून जातात. या कारणासाठी तपासणी करू नका.

हिरव्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त येतं. पेशी साधारण 72 तास वाढवायच्या, विभाजन ऐन मध्यावर आलं की औषध घालून थांबवायचं, काचपट्टीवर पसरून रंगवायचं. मग मायक्रोस्कोपखाली पट्टेदार गुणसूत्रं, म्हणजेच क्रोमोसोम, दिसतात, त्यांच्या जोड्या लावायच्या. त्या काचेवर एवढंच असतं. माणूस स्वतःला कोण मानतो, हे कुठल्याच पट्ट्यावर दिसत नाही. पारलिंगी मुली, म्हणजे जन्मतः मुलगा ठरवलेल्या पण स्वतःला मुलगी मानणाऱ्या; त्यांच्यातल्या बहुतेकींचा रिपोर्ट सरळ 46, एक्स-वाय येतो, म्हणजे 46 गुणसूत्रं, त्यात एक एक्स आणि एक वाय. तुमच्या लेकीचाही बहुधा तसाच येईल, आणि जाऊबाई तो तिच्यासमोर नाचवतील.

शरीराचंही सगळं एक्स-वायवर ठरत नाही. वाय गुणसूत्रावरचा एसआरवाय जनुक 1990 मध्ये सापडला. गर्भात वृषण बनायला सुरुवात होते ती त्याच्यामुळे. पण पेशींना टेस्टोस्टेरॉनचा संदेश घेताच आला नाही, तर एक्स-वाय असूनही बाळ मुलगी म्हणून जन्मतं, मुलगी म्हणूनच वाढतं. अशा मुली पाळी आली नाही म्हणून आमच्याकडे येतात. रिपोर्ट बघून त्यांना "तू मुलगा आहेस" असं कोणताही शहाणा डॉक्टर सांगत नाही. पण ही आंतरलिंगी स्थिती झाली, म्हणजे शरीराची घडणच नेहमीच्या नर-मादी साच्यात न बसणारी. तुमच्या घरातला प्रश्न वेगळा आहे.

बायोलॉजीचे सर:
पण लहान बीजपेशी बनवतो तो नर, मोठी बनवते ती मादी, ही व्याख्या काही खोटी नाही. बारावीला तीच शिकवतो.

लॅबवाला, पुणे:
खोटी नाहीच, सर. पुनरुत्पादन समजावायला ती उत्तम आहे. पण ताईंच्या लेकीला बीजपेशींबद्दल काही म्हणायचंच नाहीये.

वकीलताई:
आयसीडी-11 या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत जागतिक आरोग्य संघटनेने पारलिंगी असणं मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढलं आहे. ते 2022 पासून लागू आहे. त्यामुळे "बरं करून देतो" म्हणणाऱ्यांच्या दारात जाऊ नका. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला, त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणं बेकायदा म्हटलं. दाखल्यांचे सध्याचे नियम मात्र वकिलाकडून समजून घ्या.

कोथरूडची आई:
लॅबची वेळ रद्द केली. जाऊबाईंशी मी बोलते. समुपदेशक निवडताना काय बघू?

वकीलताई:
फोनवरच विचारा, पारलिंगी मुलांसोबत काम केलंय का. पहिल्या भेटीला लेकीला एकटीला आत जाऊ द्या. तुम्हालाही बोलायचं असेल, तर तुमची वेळ वेगळी घ्या.