मोलॅसिसच्या इथेनॉलवर उसाचं किती पाणी लिहायचं?

गाळप_हंगाम: एक टन ऊस गाळला की ढोबळमानाने १०५ किलो साखर, ४५ किलो सी हेवी मोलॅसिस (शेवटची साखर काढून उरलेला दाट पाक, ज्याचं इथेनॉल होतं), २८०-३०० किलो ओला बगॅस (चिपाड), वर थोडा प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ). एलसीए, म्हणजे वस्तूचा शेतापासून शेवटपर्यंतचा पर्यावरणाचा हिशोब, करताना उसाला लागलेलं पाणी, युरिया, पंपाची वीज ही या सगळ्या पदार्थांवर वाटायची कशी? माझं मत, किमतीच्या प्रमाणात. बगॅस बाजूला ठेवून नुसत्या वजनाने वाटलं तर मोलॅसिसवर ३० टक्के भार येतो, आणि समजा साखर ३६ रुपये अन् मोलॅसिस ९ रुपये किलो धरलं तर १० टक्क्यांच्याही आत. ऊस लावतात साखरेसाठी, मोलॅसिससाठी कोण लावतंय?

विहीर_कोरडी: हे सी हेवीपुरतं ठीक आहे हो, पण बी हेवीत कारखाना मुद्दाम साखर मागे सोडतो, इथेनॉलसाठीच, मग ते बायप्रॉडक्ट कसलं. आणि इथेनॉलचा दर सरकार ठरवतं. डिसेंबर २०२३ मध्ये रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली तशी उद्या अजून काही आली, भाव हलले, की तुमचा पाण्याचा आकडा पण हलणार? विहिरीला काय माहीत दिल्लीत काय ठरलं! युरोपचे जैवइंधनाचे नियम ऊर्जेच्या प्रमाणात वाटतात, ते निदान भावावर नाचत नाही.

गाळप_हंगाम: ऊर्जेच्या हिशोबात साखर म्हणजे जळण झालं की राव. चहात काय मेगाज्यूल टाकता का?

कोजन_वाला: दोघंही उगाच भांडताय. एलसीएचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आयएसओ १४०४४ सांगतं की आधी वाटप टाळा, सिस्टीम मोठी करा. बगॅसची वीज ग्रीडला गेली, तेवढी कोळशाची वजा करा, झालं.

विहीर_कोरडी: झालं कसं? तोच बगॅस आधी कागद कारखान्याला जात असेल तर ते आता लगदा कशाचा करणार, ते कोण मोजणार? आणि दिवसा सोलर वाढलं की वजा करायला कोळसा उरतो किती? मूळ शेताचं पाणी तर जिथल्या तिथंच.

गाळप_हंगाम: बरं, तेच स्टँडर्ड म्हणतं की एकाहून जास्त पद्धती लागू पडत असतील तर त्या बदलून फरक दाखवा. दोन्ही आकडे छापू.

विहीर_कोरडी: छापाल हो, पण जाहिरातीत कुठला जाईल?

बांधावरचा: मध्येच बोलतो. बातम्यांत मोलॅसिसला मळी म्हणतात, आमच्याकडं मळी म्हणजे प्रेसमड. ती आम्ही शेतात टाकायला फुकट आणायचो, आता बायोगॅसवाले पैसे मोजून नेतायत. मग ती कचरा होती तेव्हा तिच्यावर पाणी शून्य, आणि आता लिहायचं का?